साधु म्हणायला कोणीतरी

मस्कतला डोंगर पुष्कळ, पण एकाच्याही अंगावर गवताची काडी नाही. अनुसया पहिल्यांदा वादी कबीरच्या त्या फ्लॅटच्या खिडकीत उभी राहिली, तेव्हा तिला वाटलं, या डोंगरांच्या घरचं कुणी गेलं असावं; म्हणून सगळे दागिने उतरवून बसलेत बिचारे. तिचंही तसंच होतं. तिचा नवरा बबन जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मनमाडच्या घराला कुलूप घालून अश्विननं आईला इकडे आणलं. "एकटी काय करशील तिथं?" तो म्हणाला होता. एकटी म्हणजे काय, ते तिला अजून कळायचं होतं.

कळलं ते इथं आल्यावर. सकाळी अश्विन साइटवर जायचा, त्याच्या पाठोपाठ सून प्रणाली रुवीतल्या ऑफिसात. दार ओढलं जायचं, लिफ्टचा खडखडाट खाली उतरत जायचा, आणि मग घरात उरायची ती आणि एसीची घरघर. डाळ निवडायची, ती निवडलेलीच यायची. झाडायचं, तर धूळ खिडकीच्या बाहेरच. खाली शाळेच्या पिवळ्या बसगाड्या आताशा सुट्टीमुळे ओळीनं उभ्या, रिकाम्या. ती खिडकीशी बसायची आणि ओठातल्या ओठात जुळवायची,

पहिली माझी ओवी गं, उघड्या डोंगराला
पान नाही, फूल नाही, काय वाहू मी धन्याला

दुसरी ओवी मात्र येत नव्हती. पूर्वी एकीचं बोट धरून दुसरी यायची. मनमाडच्या विहारात तिचाच गळा होता. पौर्णिमेला, जयंतीला, कुणी गेल्यावरच्या जलदानाला, वंदना अनुसयाबाईंनीच उचलायची. ती एक ओळ म्हणायची, मागून सगळा विहार म्हणायचा. दर गाथेच्या शेवटी सगळ्यांनी मिळून तीनदा साधु. साधु म्हणजे चांगलं झालं, आम्ही यात सामील आहोत. तिचा आवाज पुढे आणि माणसांचा मागे, असा सारा जन्म गेलेला.

आणि सगळ्यांच्या मागे बबन. तो रेल्वेच्या कारखान्यात फिटर. घणाच्या आवाजानं त्याचे कान गेलेले. कार्यक्रमात चपलांपाशी दारात उभा राहायचा आणि लोकांच्या ओठांकडे बघून म्हणायचा. लोकांचे तीन साधु म्हणून व्हायचे, ओठ मिटायचे, ते त्याला दिसायचं आणि मग दारातून त्याचा एकट्याचा साधु यायचा. भलामोठा, भोंग्यासारखा. पोरं फिदीफिदी हसायची. बायका म्हणायच्या, "अनुसये, तुझी गाडी लेट आली बघ." पण हसता हसता अनुसयेला सवयच लागली. तीन साधु झाले की ती थांबायची. दारातून तो चौथा आला, की मगच पुढची गाथा उचलायची. त्या थांबण्याला विहारात सगळे सरावले होते.

आता त्याचं वर्ष आलं होतं. पहिलं पुण्यानुमोदन, गेलेल्याच्या नावानं पुण्य वाटायचा दिवस.

"अश्विन, दोन-चार माणसं बोलाव," ती जेवताना म्हणाली.

"आई, जुलै महिना आहे. कुणाला बोलावू? वादी अदाईचे लोकेशभाऊ नागपूरला गेलेत, मवालेहची सगळी फॅमिली मंडळी गावाला. शाळा बंद झाल्या की आपला समाज विमानातच असतो." त्यानं भात कालवला. "व्हिडिओ कॉलवर काकांना घेतलं असतं, पण इथं ते लागत नाही. आपण तिघं म्हणू ना."

"तुला येते सगळी?"

"पंचशील येतं की." मग जरा ओशाळून, "पुढचं तुझ्या मागून म्हणेन."

"तसं नव्हे रे. मी म्हणायचं, आणि साधु पण घरच्याच माणसांनी म्हणायचं? म्हणजे आपल्याच ताटात आपणच वाढून घ्यायचं आणि आपणच पुरे पुरे म्हणायचं. अनुमोदन द्यायला बाहेरचं कुणी नको का? तुझ्या बापाचा दिवस आहे. मुकामुकाच घालवायचा?"

आईचं खोटं नव्हतं, पण माणसं काही दुकानात मिळत नव्हती.

मजल्यावर एकच ओळखीचं दार उरलं होतं, बिलकीसचं. ती रत्नागिरीकडची, नवरा हारूनचं खाली वर्कशॉपच्या गल्लीत स्पेअर पार्टचं दुकान. त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. दुपारी बिलकीस जिन्यापाशी गार लादीवर पाय पसरून बसायची, आणि अनुसया तिच्या शेजारी.

"काय गो अनुसयाबाय, तोंड असा का सुकलाय? रोजा माजा हाय का तुजा?"

अनुसयेनं सांगितलं. बिलकीसनं मान डोलावली.

"आमच्यात पन तसाच. इमामानं दुवा मागितलीन की मागनं आमीन लागतंय. नायतर दुवा आपली अर्ध्या वाटेवर लोंबकळते." जरा थांबून ती म्हणाली, "मी येन गो. म्हणणार काय नाय, पन दाराशी बसेन. माणूस बसलेला दिसला म्हंजे घर भरलेला दिसता."

अनुसयेनं तिचा हात दाबला. एक माणूस झालं. पण ते न बोलणारं.

त्याच आठवड्यात प्रणाली ऑफिसातून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली. वर कमळ, आत गुळगुळीत पानं. तिच्या ऑफिसात उर्सुला नावाची जर्मन बाई होती, सेफ्टीचं काम बघणारी, पन्नाशीची. प्रणालीच्या टेबलावरची अंगठ्याएवढी बुद्धमूर्ती तिनं पाहिली, आणि तेव्हापासून ती प्रणालीच्या मागेच लागली होती.

"तिच्या घरी शनिवारी गोरे लोक जमतात, आई. बुद्धधम्म शिकतात. सगळे नवीनच आहेत, या पुस्तकावरून शिकतात. मी म्हटलं, माझ्या सासूबाई वंदना घेतात. तर म्हणते, त्यांना घेऊनच ये."

"काय लिहिलंय त्यात? वाच की."

प्रणालीनं मधलंच एक पान उघडलं आणि अडखळत मराठीत सांगू लागली. "सुरुवात करणाऱ्यानं आधी एक शांत कोपरा शोधावा. जिथं माणसांची ये-जा नाही, फोन वाजत नाही, कुणी हाक मारत नाही..."

अनुसया हसली. "सापडलाय म्हणावं मला तो कोपरा. कधीची त्यातच बसलेय."

प्रणाली पण हसली, मग हसू आवरून तिनं पुस्तक मिटलं.

पण अनुसयेच्या मनात दिवा लागला होता. माणसं! घर भरून माणसं, तीही धम्माची. गोरी असेनात का. जिथं दर शनिवारी जमतात तिथं वंदना होतच असेल, आणि वंदना होते तिथं साधु आहेच. त्यातली चार जरी बबनच्या दिवसाला आली तरी झालं. तिनं पांढरं पातळ काढलं, इस्त्री करून घेतलं. मेणबत्त्या, अगरबत्ती पिशवीत घातली. फुलं मिळेनात, तर खाली जाऊन कुंपणावरची बोगनवेल ओंजळभर खुडून आणली. आल्यापासून इतक्या लगबगीनं ती पहिल्यांदाच लिफ्टनं एकटी खाली गेली होती.

शनिवारी उन्हं कलल्यावर प्रणालीनं गाडी काढली. वादी अदाईच्या वळणावर दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर आले, तशी अनुसया म्हणाली, "पोरी, तू गप्प का? न्यायचं नव्हतं का मला?"

"तसं नाही, आई." प्रणाली रस्त्याकडे बघत राहिली. "गंमत वाटते नुसती. उर्सुलाला म्हटलं आम्ही बौद्ध, तर तिचे डोळे असे चमकले, जसं काही मी हिमालयातून उतरलेय. आणि शेजारच्या टेबलावरच्या आपल्याच मराठी माणसानं ते ऐकलं, तर त्यानं माझं आडनाव परत विचारलं."

"मग? सांगितलंस?"

"सांगितलं. तेव्हापासून डबा वेगळा खातो."

अनुसयेनं पिशवीतली फुलं नीट केली. "खाऊ दे. त्याची भाजी आळणीच असेल."

कुरुमला उर्सुलाचा बंगला होता. दार उघडलं, आणि थंडगार हवेबरोबर लाकडाचा मंद वास आला. उंच, हाडकुळी बाई. पिकलेले केस आखूड कापलेले. डोळे निळे आणि दमलेले. तिनं हात जोडले. अनुसया "जय भीम" म्हणाली. उर्सुलानं ते जपून, तुटक तुटक परत म्हटलं, तेव्हा अनुसयेला फार बरं वाटलं.

आत गेल्यावर मात्र तिचा पाय अडखळला. चपलांच्या कपाटाशेजारी, दिव्याखाली, बुद्धाचं डोकं ठेवलेलं. नुसतं डोकं. मानेपासून खाली काही नाही.

"अगं बाई! धड कुठंय?"

"आई, शोपीस असतं ते," प्रणाली कानात पुटपुटली.

"मान कापून ठेवायची असते का कुणाची?" असं म्हणत अनुसयेनं पिशवी उघडली, आणि त्या डोक्यासमोर बोगनवेल वाहिली. देठ सारखे केले. उर्सुला बघत राहिली. ते डोकं तिनं दुबईच्या मॉलमधून आणलं होतं, आणि त्यावर ती रोज किल्ल्या ठेवायची. तिनं गुपचूप किल्ल्या उचलल्या.

हॉलमध्ये उन्हाळ्यामुळे थोडीच माणसं उरली होती. एक हॉलंडचे म्हातारे इंजिनियर, दोन इंग्रज बायका, एक दाढीवाला तरुण. सगळे उशांवर मांडी घालून. अनुसयेला गुडघ्यांमुळे खुर्ची दिली. उर्सुलानं लहानशी पितळी घंटा वाजवली, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

अनुसया वाट बघू लागली. आता कुणी तरी सुरू करेल. मेणबत्ती लावेल. पण कुणी हलेना. बाबासाहेबांचा फोटो नाही, फूल नाही, गाथा नाही. घंटेचा नाद विरून गेला आणि खोलीत शांतता साचत गेली, गळ्यापर्यंत. अनुसया कावरीबावरी झाली. असं सगळ्यांनी एकदम, डोळे मिटून, मान खाली घालून गप्प राहायचं, हे तिनं जन्मात एकाच ठिकाणी पाहिलं होतं. शोकसभेत. कुणी गेलं की वंदनेच्या शेवटी सगळे उभे राहतात आणि शांत होतात. बबनच्या वेळीही विहार असाच गप्प झाला होता, आणि दारातून काही आलं नव्हतं.

म्हणजे इथं कुणी तरी गेलं होतं.

तिनं एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कुणाचं गेलं असेल? म्हातारे शांत होते. तरुणाची मान पेंगत होती. उर्सुलाच्या हनुवटीखालची शीर मात्र उडत होती, आणि ओठ असे दाबलेले, जसे दारातून मयत निघताना घरच्या थोरलीनं दाबावेत. अनुसयेला दुसरं काही विचारायचं राहिलं नाही. घंटा परत वाजली, लोकांनी डोळे उघडले, तोवर ती खुर्चीवरून उठून उर्सुलाच्या मागे जाऊन बसली होती. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "कोण गेलं गं, बाई?"

उर्सुलानं प्रणालीकडे पाहिलं. प्रणालीला भुईत गडप व्हावंसं वाटलं. पण सांगावं तर लागलंच. इंग्रज बायका ओठात हसल्या. म्हातारे समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि प्रणालीनं मराठी केलं, "आई, कुणी गेलेलं नाही. हे ध्यान आहे. ते श्वासाकडे बघतात. आत येतो, बाहेर जातो, नुसतं बघायचं."

"बोलायचं नाही?"

"नाही."

"मागून म्हणायचं नाही?"

"नाही, आई."

अनुसयेचा चेहरा पडला. इतकी वाट तुडवून आली होती ती आवाजासाठी, आणि इथं तर हेच. "शांतताच पाहिजे होती तर माझ्याकडं यायचं होतं की," ती म्हणाली. "माझ्याकडं दिवसभराची पडलीय. पोतं भरून न्या म्हणावं." हे प्रणालीनं इंग्रजीत केलं नाही.

चहा झाला, पानं उलटली गेली, दुःख का होतं यावर पुस्तकातून थोडं वाचणं झालं. उर्सुलाचं मन त्यात नव्हतंच. निघताना चपला घालायला अनुसया वाकली, तशी ती जवळ आली आणि प्रणालीला हळू आवाजात काही सांगू लागली. प्रणालीचा चेहरा बदलला.

"आई, हिचा भाऊ गेला. मार्चमध्ये. ही पोचायच्या आत सगळं उरकलं होतं. इथं कुणाला माहीत नाही. विचारतेय, तुम्हाला कसं कळलं?"

अनुसया खरं तेच बोलली. "मला काही कळलं नव्हतं म्हणावं. आमच्यात एवढं गप्प फक्त मयतीलाच बसतात. माझी चूक झाली."

उर्सुलानं ऐकलं. मग तिनं आपल्या रिकाम्या हॉलकडे वळून पाहिलं, उशांकडे. "आम्ही वर्षभर शेजारी बसतोय," ती म्हणाली, "आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. नियमच आहे, बोलायचं नाही."

मग अनुसयेनं धीर केला. प्रणालीची बाही धरून म्हणाली, "हिला सांग, मंगळवारी माझ्या माणसाचं वर्ष आहे. वंदना आहे. मला साधु म्हणायला माणसं नाहीत. येशील का विचार."

"आई, ऑफिसची बाई आहे ती..."

"साधुला ऑफिस नसतं. विचार."

प्रणालीनं विचारलं. उर्सुलानं दिव्याखालच्या फुलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो शब्द मला शिकवा."

मंगळवारी सकाळपासून अनुसया उभी होती. कोपऱ्यातल्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि खालच्या पायरीवर बबनचा. फोटोतला बबनही जरा कान पुढे करूनच बसलेला. खीर शिजली. दुपारी तीनला ऑफिस सुटलं तशी प्रणाली आली. अश्विन चारला येणार होता. साडेचारला त्याचा फोन आला.

"आई, स्लॅब भरायला घेतलाय. दुपारच्या उन्हात काम बंद ठेवावं लागतं, गाड्या आत्ता आल्या. काँक्रीट ओतायला लागल्यावर मध्येच सोडता येत नाही गं. सगळा स्लॅब वाया जाईल."

"तू नाहीस तर मागून कोण म्हणेल?"

पलीकडे यंत्राचा खडखडाट होता. "काय? ऐकू येत नाही, आई. काय म्हणालीस?"

"काही नाही. उन्हात टोपी घाल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्याच्या बापालाही असाच आवाजाच्या पलीकडून काही ऐकू यायचं नाही.

बिलकीस आली. डोक्यावरून ओढणी, हातात तसबीची माळ. आत या म्हटलं तरी आली नाही. "माजी जागा दाराशी. बोलला तसा करतंय," म्हणाली आणि उंबऱ्याला टेकून बसली. दारात कुणी तरी बसलेलं बघून अनुसयेनं बबनच्या फोटोकडे नजर टाकली.

पाच वाजत आले तरी उर्सुलाचा पत्ता नव्हता. प्रणालीनं दोनदा फोन लावला. "सुरू करूया, आई. नसेल येत ती." मग अपराधी होऊन, "मी म्हणेन ना मोठ्यानं."

अनुसयेनं मेणबत्ती पेटवली. तेवढ्यात लिफ्ट खडखडली. उर्सुला घाईघाईनं आली, घामानं भिजलेली, पांढरा सदरा. या भागातल्या गल्ल्या सगळ्या सारख्याच, तीन इमारती चढून आली होती. हातात कापडात गुंडाळलेलं काही. तिनं विचारल्यासारखं अनुसयेकडे पाहिलं आणि कापड सोडलं. वीस-बावीस वर्षांच्या एका हसऱ्या पोराचा जुना फोटो होता. भावाचा तरुणपणचा असावा. अनुसयेनं तो घेतला, पदरानं काच पुसली, आणि बबनच्या शेजारी ठेवला.

मग तिनं गळा साफ केला आणि वंदना उचलली.

पहिली ओळ बाहेर पडली आणि तिला आपलाच आवाज परका वाटला. कितीक दिवसांत तो मोठ्यानं निघालाच नव्हता. मागून प्रणाली म्हणत होती, चुकत, सावरत. उर्सुला नुसती ओठांकडे बघत होती. सरण झालं, शील झालं. अनुसयेचा आवाज हळूहळू जागा झाला, भिंतींना लागला, दारातून बाहेर जिन्यात गेला. बिलकीसच्या बोटांतले मणी थांबले होते.

गाथा संपली. अनुसया आणि प्रणाली एकदम म्हणाल्या, साधु, साधु, साधु.

आणि अनुसया थांबली.

तिनं ठरवून केलं नाही. जन्माची सवय. तीन झाले, आता दारातून एक येणार, मग पुढची उचलायची. पण दारात बिलकीस मान खाली घालून बसली होती. एसी घरघरत होता. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी. प्रणालीनं सासूकडे पाहिलं. तिला वाटलं, आई विसरल्या. ती पुढची ओळ सुचवणार, एवढ्यात...

"साधु."

उर्सुला होती. तिला शब्द पाठ होता, पण कधी म्हणायचा ते कळलं नव्हतं. दोघींच्या लयीत तिला शिरता आलं नाही. मग सगळे थांबले, सगळे कुणाची तरी वाट बघताहेत असं वाटलं, तिला वाटलं आपलीच. तिनं तो शब्द घशातून काढला. मोठा, जाडाभरडा, पार उशिरा.

बिलकीसनं मान वर केली.

अनुसयेच्या डोळ्यांना धार लागली. तो आवाज बबनचा नव्हता. बाईचा होता, परमुलखाचा होता, ध वर अडखळलेला होता. बबनचा आता कधीच यायचा नव्हता, हे तिला त्या एका शब्दानं जेवढं स्पष्ट सांगितलं तेवढं चितेनंही सांगितलं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला. प्रणाली पुढे सरली. अनुसयेनं हातानंच तिला थांबवलं, श्वास घेतला, आणि पुढची गाथा उचलली. दर गाथेनंतर ती थांबली. दर वेळी तो उशिराचा साधु आला.

सगळं झाल्यावर उर्सुलानं प्रणालीमार्फत विचारलं, आता थोडा वेळ तिच्या पद्धतीनं बसता येईल का, भावासाठी. अनुसया तिच्या शेजारी जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून. डोळे मिटले. श्वास आत आला, बाहेर गेला. बघ म्हणतात, तर काय बघायचं? आत तर नुसता मनमाडचा विहार होता, आणि दारातल्या चपला. तरी ती बसली. मध्येच शेजारचा श्वास अडकला, हुंदक्यासारखा हलला. अनुसयेनं डोळे न उघडता हात लांबवला. हे त्यांच्या नियमात बसतं की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

सूर्य बुडाला, अजान झाली. बिलकीसनं खजुरानं रोजा सोडला आणि मग खिरीची वाटी तोंडाला लावली. "साखर जरा कमी पडली गो," ती म्हणाली, "पन तुजा धनी काय आता तक्रार करायचा नाय." अनुसया हसली. प्रणालीनं ते उर्सुलाला सांगितलं, तर तीही हसली, आणि मग सगळ्याच जरा वेळ हसत राहिल्या.

अश्विन आला तेव्हा खीर थंड झाली होती. बुटांवर सिमेंटचे शिंतोडे. तो बबनच्या फोटोपुढे वाकला. शेजारचा गोरा पोरगा कोण, ते त्यानं विचारलं नाही. उर्सुला तो फोटो न्यायला विसरली होती, की मुद्दामच ठेवून गेली होती. "झालं का गं सगळं?" तो म्हणाला. "साधु म्हणायला कोण होतं?"

"होतं," अनुसया म्हणाली. "जेव."

ऑगस्टमध्ये उर्सुला लांबच्या सुट्टीवर जर्मनीला गेली. बिलकीस ईदनंतर लेकीच्या बाळंतपणाला रत्नागिरीला. मजल्यावरची सगळी दारं बंद झाली. सकाळी अश्विन गेला, प्रणाली गेली, लिफ्टचा खडखडाट खाली उतरत उतरत संपला. अनुसयेनं दोन्ही फोटोंवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. मेणबत्ती लावली.

तिनं मोठ्यानं वंदना उचलली, एकटीनंच. पुढची ओळही तिनं, मागची ओळही तिनं. गाथेच्या शेवटी साधु, साधु, साधु.

मग ती थांबली. खिडकीबाहेर उघडे डोंगर तापत होते. बबनला लागायचा तेवढा वेळ तिनं जाऊ दिला, उर्सुलाला लागायचा तेवढाही जाऊ दिला. काही आलं नाही. ओठांत मात्र किती तरी दिवसांनी काही हललं,

दुसरी माझी ओवी गं, दूरदेशीच्या बाईला

पुढचं चरण अजून सुचत नव्हतं. तिनं घाई केली नाही. पुढची गाथा उचलली.